आरेखनाची मांडणी आणि मंदिराचे मोजमाप : लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या निमित्ताने

१

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव उल्काघाताने निर्माण झालेल्या विवरामुळे जगभर परिचित आहे. काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या ह्या विवरातील सरोवराचा २०२० साली रामसर यादीत समावेश झाला. भूशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ आणि प्रवासी ह्यांची तेथे सतत ये-जा असते. त्या मानाने गावातच उभे असलेले दैत्यसूदनाचे मंदिर उपेक्षित राहिले आहे असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. विष्णूने लवणासुराचा वध केला ह्या स्थानिक कथेशी हे मंदिर निगडित असून त्याचा तलविन्यास अनियमित ताराकृती आहे. वास्तुविद्येच्या अभ्यासकाला हे मंदिर विवराइतकेच आव्हान देते. कारण ते समजून घ्यावयाचे तर प्रथम मोजावे लागते, आणि मोजलेले कागदावर, म्हणजे आजच्या काळात संगणकाच्या पडद्यावर, उतरवावे लागते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय मंदिर हा नाही. मंदिर आणि त्याचा आराखडा ह्यांच्या दरम्यान जी एक गोष्ट उभी असते ती आहे. वास्तुरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या आरेखन-प्रणालीत काम सुरू करण्यापूर्वीच पडदा मांडलेला असतो. कोणती साधने हाताशी, कोणती दूर, मापे कोणत्या एककात, रेषांचे गट कोणत्या नावांनी, ह्या सर्वांची एक पूर्वरचना तेथे असते. तिलाच व्यवसायात 'वर्कस्पेस' म्हणतात. येथे तिच्यासाठी 'कार्यमांडणी' हा शब्द योजिला आहे. ही मांडणी आपल्या कामाच्या सोयीप्रमाणे बदलून घेता येते आणि तशी बदलल्यास कार्यक्षमता वाढते, असे सर्व हस्तपुस्तिका सांगतात. हे सांगणे खोटे नाही. परंतु त्यात 'कार्यक्षमता' ह्या शब्दाचा अर्थ गृहीत धरलेला असतो, तपासलेला नसतो. नव्या इमारतीच्या आराखड्यात जी कार्यक्षमता ठरते तीच जुन्या इमारतीच्या मोजणीत दोष ठरू शकते, हे दैत्यसूदनासारख्या वास्तूच्या संदर्भात स्पष्टपणे दिसून येते.

२

साधनांची मांडणी ही काही संगणकाने आणलेली नवी बाब नव्हे. भारतीय वास्तुशास्त्राच्या परंपरेत सूत्रधाराच्या आठ साधनांची गणना 'सूत्राष्टक' ह्या नावाने केली जाते : दृष्टी, हस्त म्हणजे मोजपट्टी, मुंजाची दोरी, कापसाचा दोरा, अवलंब म्हणजे ओळंबा, काष्ठ म्हणजे गुण्या, सृष्टी म्हणजे पाणसळीचे काम करणारे साधन, आणि विलेख्य म्हणजे कंपास. ह्या यादीत दृष्टी प्रथम येते हे लक्षणीय आहे. डोळा हे साधन वापरणाऱ्याचे इंद्रिय आहे, तरीही त्याची गणना साधनांत केली आहे. एवढेच नव्हे तर ते पहिले साधन मानले आहे. बाकीची सात त्याच्या निर्णयाला मदत करतात.

विसाव्या शतकातील आरेखन-कार्यालयातही मांडणीला महत्त्व होते. फळ्याची उतरण, टी-स्क्वेअरची बाजू, त्रिकोणी पट्ट्या, निरनिराळ्या जाडीच्या लेखण्या, ट्रेसिंग कागदाची गुंडाळी ह्यांच्या जागा ठरलेल्या असत आणि चांगला आरेखक न पाहता हात पुढे करीत असे. परंतु ती मांडणी मूक होती. लेखणी डावीकडे ठेवली काय किंवा उजवीकडे, रेषेच्या अर्थात फरक पडत नसे.

संगणकीय आरेखनात नेमका येथेच फरक पडला. १९६३ साली आयव्हन सदरलँड ह्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत सादर केलेल्या 'स्केचपॅड' ह्या प्रणालीत एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती चित्रात ठेवता येत आणि मूळ आकृती बदलली की सर्व प्रती आपोआप बदलत. पुढील सर्व प्रणालींचा पाया ह्या कल्पनेवर उभा आहे. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडने हे तंत्र वैयक्तिक संगणकावर आणले. त्याच दशकात बुडापेस्टमधून आर्किकॅड आले आणि २००० साली रेव्हिट. ह्या दोन्हींत रेषेऐवजी 'भिंत', 'दार', 'खिडकी' असे तयार पदार्थच आरेखकाच्या हाती दिले गेले. म्हणजे पूर्वी मांडणीत केवळ हत्यारे होती. आता त्यांच्या बरोबरीने इमारतीविषयीची मतेही मांडून ठेवलेली असतात.

ऑटोकॅडच्या '२००६' ह्या क्रमांकाच्या आवृत्तीपासून वापरणाऱ्याने केलेली संपूर्ण मांडणी नाव देऊन जतन करण्याची सोय झाली. '२००९' च्या आवृत्तीत आज्ञांची पट्टी नव्या स्वरूपात आली आणि '२०१५' च्या आवृत्तीत जुनी 'क्लासिक' मांडणी तयार स्वरूपात देणे बंद झाले. ज्यांचा हात जुन्या मांडणीवर बसला होता त्यांना ती स्वतः पुन्हा रचावी लागली. वेंडी मॅके ह्यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील ५१ जणांच्या वापराचा अभ्यास करून १९९१ साली जो निष्कर्ष मांडला तो येथे आठवतो : माणसे मांडणी बदलतात ती पुष्कळदा नवे काही साधण्यासाठी नसून, प्रणाली बदलल्यावर आपली जुनी सवय टिकविण्यासाठी. आपल्याकडील महाविद्यालयांत ह्याचे रूप थोडे निराळे दिसते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची 'टेम्प्लेट' फाइल खालच्या वर्गाकडे येते, तेथून पुढच्या, आणि तिच्यातील एखादी निवड मुळात का केली होती हे कोणालाच माहीत नसते. मांडणी अशा रीतीने रूढी बनते.

३

आता कार्यक्षमतेचा प्रश्न. तिचे मापन कसे करावे ह्याचा सर्वात सुटसुटीत नमुना स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल ह्यांनी १९८० साली मांडला. एखादे काम करताना किती कळा दाबाव्या लागतात, किती वेळा माउसने लक्ष्य गाठावे लागते, हात कळफलकावरून माउसकडे किती वेळा जातो आणि किती वेळा मनात निर्णय घ्यावा लागतो, ह्यांची बेरीज म्हणजे त्या कामाचा वेळ. सरासरी कुशल हाताला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद, लक्ष्य गाठण्यास १.१ सेकंद, हात हलविण्यास ०.४ सेकंद आणि मनाच्या तयारीस १.३५ सेकंद लागतात असे त्यांनी धरले. हा हिशेब चूक न करणाऱ्या तरबेज माणसाचा आहे, हे विसरता कामा नये.

ह्या हिशेबाने पाहिल्यास हस्तपुस्तिकांत ज्याचे कौतुक असते त्या संक्षिप्त आज्ञांचे मोल कळते. 'लाइन' ही आज्ञा चार अक्षरे आणि एक एंटर मिळून पाच कळांत म्हणजे एका सेकंदात दिली जाते. तीच एका अक्षराने दिल्यास दोन कळा, म्हणजे ०.४ सेकंद. बचत ०.६ सेकंदाची. दिवसात हजार वेळा ती आज्ञा दिली तरी वाचतात दहा मिनिटे. ही बचत नगण्य नाही; पण मोठीही नाही. त्याच कोष्टकात मनाच्या एका निर्णयाला सहा-सात कळांइतका वेळ लागतो. म्हणजे मांडणीचा खरा लाभ बोटांचे श्रम वाचविण्यात नसून निर्णयांची संख्या कमी करण्यात आहे.

परंतु येथेच एक गंभीर शंका उपस्थित होते. निर्णय कमी करणे हे नेहमीच इष्ट असते काय? नव्या घरकुल-वसाहतीचा आराखडा काढताना एकच खिडकी शंभर ठिकाणी बसवावयाची असेल तर शंभर वेळा निर्णय घेणे हा निव्वळ अपव्यय होय. कारण खिडक्या एकसारख्याच असाव्यात अशी रचनाकाराची इच्छा असते. आराखडा आधी आणि इमारत नंतर असा तेथे क्रम असतो. मोजणीत क्रम उलटा असतो. इमारत आधीच उभी आहे; आराखड्याने तिच्याशी इमान राखावयाचे आहे. तेथे दोन स्तंभ एकसारखे आहेत की नाहीत हा निर्णय वाचवावयाचा नसून घ्यावयाचाच असतो. तो वाचविला तर वेळ वाचतो आणि ज्ञान बुडते.

४

तयार मांडणीत दडलेली मते दैत्यसूदनाच्या बाबतीत कशी आडवी येतात ते तीन उदाहरणांनी पाहता येईल.

पहिले उदाहरण भिंतीचे. पदार्थांवर आधारलेल्या प्रणालींत 'भिंत' म्हणजे मुळात ठरावीक जाडीचा, दोन समांतर पृष्ठांचा पदार्थ. ताराकृती मंदिरात सामान्यतः आतील गर्भगृह चौरस असते आणि बाहेरची रेषा कोनाकोनांनी पुढे-मागे सरकत जाते. आतील आणि बाहेरील पृष्ठांचे काही नाते असते, पण ते समांतरतेचे नसते. प्रत्येक कोनापाशी दगडाची जाडी निराळी होते. अशा ठिकाणी 'भिंत' हे साधन हाताशी ठेवणे म्हणजे चूक हाताशी ठेवणे होय. १९९० साली अमेरिकन वास्तुकारांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या स्तर-नामांच्या संकेतावरून आलेली 'ए-वॉल', 'ए-डोर' अशी नावे आपल्या विद्यार्थ्यांच्या फाइलींत सर्रास आढळतात. ज्या वास्तूचे अवयव अधिष्ठान, जंघा, अंतराळ, द्वारशाखा, स्तंभशीर्ष, वितान असे आहेत तिची विभागणी भिंत आणि दार ह्या दोन कप्प्यांत केली की जंघा आणि अधिष्ठान ह्यांतील भेद आराखड्यातून नाहीसा होतो. आणि आराखड्यातून नाहीसा झालेला भेद प्रबंधातही परत येत नाही.

दुसरे उदाहरण अचूकतेचे. कागदावर १:५० ह्या प्रमाणात काम करताना ०.२५ मिलिमीटर जाडीची रेषा प्रत्यक्षात साडेबारा मिलिमीटर जागा व्यापते. लेखणीची जाडीच आरेखकाला नम्र ठेवीत असे. हेन्री कझिन्स ह्यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात वऱ्हाडातील मंदिरांचाही समावेश आहे. त्या पिढीचे आराखडे आपल्या प्रमाणाच्या मर्यादेपलीकडे काही सांगण्याचा आव आणीत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर मात्र चित्र हवे तितके मोठे करता येते आणि नेहमीच्या टेम्प्लेटमध्ये माप दशांशचिन्हापुढे चार स्थळांपर्यंत दाखविले जाते. झिजलेल्या, कोरीव दगडावर फीत धरून घेतलेल्या मापात चार-पाच मिलिमीटरांचा फरक सहज पडतो. तेच माप पडद्यावर मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागापर्यंत लिहिलेले दिसते, तेव्हा ती अचूकता मंदिराची नसते, फितीची नसते, आणि विद्यार्थ्याचीही नसते. ती केवळ प्रणालीची सवय असते. म्हणून मोजणीच्या मांडणीत पहिला बदल करावयाचा तो हा : दशांश स्थळे काढून टाकावीत आणि माप ज्या सूक्ष्मतेने घेतले तेवढेच दाखवावे. ह्याने वेग वाढत नाही, सत्य वाढते.

तिसरे उदाहरण सर्वात मोहक आणि म्हणून सर्वात धोक्याचे आहे. ताराकृती तलविन्यासाची आदर्श भूमिती अशी मानली जाते की एक चौरस आपल्या मध्याभोवती समान कोनांनी फिरवीत न्यावा आणि त्याच्या कोपऱ्यांनी तारा सिद्ध व्हावा. आरेखन-प्रणालीत ही क्रिया 'पोलर ॲरे' ह्या एका आज्ञेने क्षणात होते. तिचे बटण साधनपट्टीवर अग्रभागी ठेवले तर काही सेकंदांत नेटका तारा तयार. पण दैत्यसूदनाचा तारा अनियमित आहे असे त्याचे वर्णन केले जाते. ती अनियमितता सूत्रधाराची योजना होती, पूर्व बाजूच्या मंडपाशी सांधा जुळविताना करावी लागलेली तडजोड होती, की बांधकामातील चूक होती, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे. 'ॲरे'ने काढलेला तारा ह्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो प्रश्नच पुसून टाकतो. 'मिरर' ह्या आज्ञेचेही असेच आहे. मंदिर सममित असल्याचे मानून अर्धी बाजू मोजावयाची आणि उरलेली उलटवून घ्यावयाची, ही सवय संगणकाने निर्माण केलेली नाही; कागदावरही ती होती. मात्र कागदावर दुसरी बाजू हाताने काढावी लागे आणि काढताना शंका येण्याइतका अवसर मिळे. आता तो अवसरच उरलेला नाही.

'हेमाडपंती' हा शब्दही ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र ह्या यादव राजांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीचे नाव चुन्याविना रचलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या दगडी मंदिराला चिकटले. त्याच्या पूर्वीची मंदिरेही त्यातून सुटली नाहीत. तयार कप्पा हाताशी असला की वस्तू त्यात टाकण्याचा मोह होतो. भाषेतला कप्पा आणि पडद्यावरचे बटण ह्यांचा स्वभाव एकच आहे.

५

ह्यावरून कार्यमांडणी बदलण्याचा खटाटोपच निरर्थक आहे असे अनुमान कोणी काढील तर ते चुकीचे ठरेल. येथे एक भेद करणे आवश्यक आहे : कृतीची पुनरावृत्ती आणि फलाची पुनरावृत्ती. ज्या मांडणीमुळे एकच कृती पुनःपुन्हा करणे सोपे होते, पण प्रत्येक वेळी तिचे फल मोजमापातून स्वतंत्रपणे येते, ती मांडणी मोजणीला उपकारक असते. ज्या मांडणीमुळे एकदा मिळालेले फलच पुनःपुन्हा ठेवले जाते ती रचनेला उपकारक, पण मोजणीला घातक असते.

कृतीच्या पुनरावृत्तीचे उत्तम उदाहरण म्हणजे कोनबिंदूंचे स्थान ठरविणे. ताराकृती मंदिराच्या बाहेरील रेषेवरील प्रत्येक कोन दोन स्थिर बिंदूंपासूनची अंतरे मोजून निश्चित केला जातो. पडद्यावर तो उतरविण्यासाठी एका स्थिर बिंदूभोवती एक वर्तुळ, दुसऱ्याभोवती दुसरे, त्यांच्या छेदावर एक बिंदू, आणि नंतर दोन्ही वर्तुळे पुसणे, एवढी कामे करावी लागतात. वर सांगितलेल्या नमुन्याप्रमाणे हिशेब केल्यास एका कोनाला सुमारे १९ सेकंद लागतात. १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प ही आज्ञालेखनाची भाषा उपलब्ध आहे. तिच्यात काही ओळी लिहून अशी आज्ञा तयार करता येते की जी दोन अंतरे विचारते, बिंदू कोणत्या बाजूस हवा ते विचारते आणि तो ठेवून मोकळी होते. हेच काम मग सुमारे ७ सेकंदांत होते. तीनशे बिंदूंच्या मोजणीत सुमारे एक तास वाचतो. ह्या बचतीत मंदिराविषयी एकही गोष्ट गृहीत धरलेली नाही. प्रत्येक बिंदू आपल्याच मापांतून आला आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हीच आज्ञा तिसऱ्या स्थिर बिंदूपासूनचे अंतरही विचारू शकते आणि पहिल्या दोन मापांवरून आलेल्या स्थानाशी ते किती जुळते हे दाखवू शकते. फरक ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असेल तर तो बिंदू निराळ्या रंगात उमटावा. अशी आज्ञा काम थोडे मंद करते, कारण क्षेत्रावर तिसरे माप घ्यावे लागते आणि पडद्यावर ते टंकावे लागते. पण चूक घरी परतल्यावर सहा महिन्यांनी कळण्याऐवजी लोणारच्या धर्मशाळेत त्याच संध्याकाळी कळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन माप पुन्हा घेता येते. वाचलेल्या तासाचा ह्याहून चांगला विनियोग कोणता असू शकेल? मोजणीतील कार्यक्षमतेची व्याख्या करावयाची असेल तर ती अशी करावी लागेल : घेतलेल्या मापांपैकी किती मापे तपासली गेली, आणि तपासण्यास किती कमी श्रम पडले.

मंदिराचा अक्ष पडद्याच्या आडव्या-उभ्या दिशांशी जुळेलच असे नाही. म्हणून स्थानिक अक्षांची व्यवस्था नाव देऊन जतन करणे, छापण्याच्या प्रमाणांप्रमाणे रेषांच्या जाड्या आधी ठरविणे, छायाचित्रांचे क्रमांक आराखड्यावर नोंदविण्याची एक ठरावीक खूण करणे, ही सर्व कामे ह्याच वर्गात मोडतात. त्यांत मंदिराविषयीचा निर्णय नाही, म्हणून ती यंत्राकडे निःशंकपणे सोपविता येतात. उलट, 'स्तंभ' नावाचा एक ठोकळा काढून तो मंडपभर ठेवणे हे दिसावयास तितकेच निरुपद्रवी असले तरी दुसऱ्या वर्गात जाते. प्रत्येक स्तंभाचा तळखडा, मध्यखंड आणि शीर्ष स्वतंत्रपणे मोजल्यावर जर ते सारखे आढळले तर सारखेपणा हा निष्कर्ष होतो. मोजण्यापूर्वी तो ठेवला तर ती केवळ सोय असते.

६

ह्यानंतरचा प्रश्न नावांचा आहे. रेषांचे गट अवयवांच्या नावांनी करावेत हे वर सुचविलेच आहे. परंतु तेवढ्याने भागत नाही. आराखड्यातील प्रत्येक रेषा सारख्याच अधिकाराने बोलत नसते. काही रेषा प्रत्यक्ष मोजलेल्या, काही छायाचित्रावरून घेतलेल्या, काही पूर्वीच्या प्रसिद्ध आराखड्यावरून उचललेल्या आणि काही निव्वळ अनुमानाच्या असतात. पडद्यावर त्या सर्व एकाच तेजाने झळकतात. म्हणून प्रत्येक अवयवाच्या गटाला 'मोजलेले', 'छायाचित्रावरून', 'पूर्वआराखड्यावरून' आणि 'अनुमानित' असे पोटभेद असावेत आणि अनुमानाची रेषा नेहमी तुटकच उमटावी, अशी तजवीज टेम्प्लेटमध्येच केलेली असावी. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जीर्णोद्धाराविषयी असे तत्त्व घालून दिले की जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. संगणकीय पुनर्रचनांच्या बाबतीत लंडन सनदेच्या २००९ च्या मसुद्यानेही पुरावा आणि तर्क ह्यांतील सीमा पाहणाऱ्याला कळली पाहिजे असा आग्रह धरला. ही तत्त्वे परीक्षेत लिहिली जातात. ती रोज पाळली जावयाची असतील तर त्यांना पडद्यावर जागा मिळाली पाहिजे. कारण रात्री उशिरा काम करणारा विद्यार्थी तत्त्वाकडे नव्हे, हाताशी असलेल्या स्तराकडे वळतो.

नावे देवनागरीत असावीत काय, हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही. जुन्या, युनिकोडपूर्व अक्षरसंचांत लिहिलेली मराठी टिपणे दुसऱ्या संगणकावर उघडताच अक्षरांची राख होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मराठी नावे घालावयाची तर ती युनिकोडमध्येच घालावीत. आणि अन्य विद्यापीठांशी देवघेव व्हावी म्हणून रूढ संकेतांशी त्यांचे समानार्थ देणारे एक कोष्टक आराखड्यातच ठेवावे. हे कोष्टक, स्थिर बिंदूंची यादी, मोजणीची तारीख आणि वापरलेली साधने आराखड्याच्या फाइलीतच असली पाहिजेत. मांडणी जर केवळ एका संगणकावरील एका वापरकर्त्याच्या खात्यात राहिली तर प्रयोगशाळेतील यंत्र बदलताच ती नाहीशी होते आणि मागे राहिलेल्या रेषांचा अर्थ लावण्यास कोणी उरत नाही.

७

एकच आदर्श मांडणी तयार करून ती सर्वांना द्यावी, असे सुचविण्याचा मोह येथे होतो. पण बुलढाणा जिल्ह्यातीलच दुसरे स्थळ त्याला विरोध करते. सिंदखेड राजा येथे, जिजाऊंच्या जन्मस्थानी, लखुजी जाधवांचा वाडा, त्यांची समाधी आणि पुतळा बारव अशा परस्परांहून भिन्न वास्तू थोड्या अंतरावर उभ्या आहेत. बारवेत तलविन्यासापेक्षा छेद अधिक बोलतो : पायऱ्यांची उतरण, थांबण्याचे टप्पे, कोनाडे आणि पाण्याच्या चढउताराच्या खुणा. तेथे उंचीची मापे आणि त्यांचा एकमेव संदर्भबिंदू हाताशी हवा. ताऱ्याच्या कोनांसाठी केलेली आज्ञा तेथे फारशी उपयोगी नाही. वाड्यात पुन्हा भिंतीच प्रधान आहेत, आणि वेगवेगळ्या काळची भर व दुरुस्ती वेगळी दाखविणारे स्तर तेथे अगत्याचे ठरतात. तात्पर्य, मांडणी ही वास्तूगणिक बदलली पाहिजे. मांडणी ठरविणे म्हणजे ह्या वास्तूत काय महत्त्वाचे आहे ह्याविषयी एक प्राथमिक मत बनविणे होय. आणि मत असल्यामुळे ते चर्चेस, खंडनास आणि दुरुस्तीस खुले असले पाहिजे.

ह्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की लेझर-क्रमवीक्षण आणि छायाचित्रमिती ह्यांच्या काळात फितीच्या मापांची चर्चा कालबाह्य आहे. लक्षावधी बिंदू यंत्रच टिपते. परंतु बिंदूंचा ढग म्हणजे आराखडा नव्हे. त्या ढगाचा छेद कोणत्या उंचीवर घ्यावयाचा, अधिष्ठानाच्या वर की जंघेच्या मध्यावर. झिजलेली कड कोठे धरावयाची. कोणते बिंदू स्तंभशीर्षाचे आणि कोणते त्यावरील तुळईचे, हे माणसालाच ठरवावे लागते. मापे वाढल्याने निर्णय कमी होत नाहीत. ते केवळ कार्यालयात सरकतात, म्हणजे मांडणीच्या अधिकच अधीन होतात.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि म्हणून अधिक वजनदार आहे. विद्यार्थ्याला वेळ थोडा असतो, यंत्रे सामायिक असतात आणि प्रणालीचे परवाने मुदतीचे असतात. जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन ह्यांनी १९८७ साली दाखवून दिले की कामात गढलेला माणूस साधन शिकण्यासाठी थांबत नाही, जरी थांबल्याने पुढे त्याचाच लाभ होणार असला तरी. हे खरे आहे. म्हणूनच मांडणीचे काम एकेका विद्यार्थ्यावर सोडता येत नाही. तो विभागाच्या अभ्यासक्रमाचा भाग झाला पाहिजे. प्रबंधाबरोबर जशी साधनग्रंथांची सूची मागितली जाते, तशीच आराखड्याबरोबर मांडणीची टीप मागितली जावी : कोणते स्तर, कोणती सूक्ष्मता, कोणत्या आज्ञा स्वतः तयार केल्या, कोठे प्रत ठेवली आणि कोठे मोजले. दोन पानांची ही टीप परीक्षकाला आराखडा वाचण्याची किल्ली देईल आणि पुढच्या अभ्यासकाला मोजणी जेथे थांबली तेथून सुरू करता येईल. मांडणीची फाइल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे जात राहीलच. टीप बरोबर असली की तिच्यासोबत कारणेही जातील.

दगड झिजतो, जोत्याभोवती जमीन चढते, दुरुस्तीत एखादा अवयव बदलतो. ज्या दिवशी दैत्यसूदनाचा एखादा कोन मूळ कसा होता असा प्रश्न निघेल त्या दिवशी साक्षीला आराखडाच बोलावला जाईल. त्यात मोजलेला कोन असेल तर ती साक्ष. 'ॲरे'ने फिरविलेला कोन असेल तर ती सफाईदारपणे दिलेली खोटी साक्ष, आणि ती खोटी आहे हे सांगणाराही तेव्हा कोणी नसेल. परंपरेने डोळ्याला साधनांत पहिले स्थान दिले. पडद्यावरची बाकीची साधने त्या डोळ्याला विश्रांती देण्यासाठी मांडली आहेत की जागे ठेवण्यासाठी, एवढे पाहिले म्हणजे एखादी मांडणी मोजणीस योग्य आहे की नाही ह्याचा निर्णय करता येतो.